त्र्यंबक रस्त्यालगतच्या दगडखाणी : वन्यजीव पाहणीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२५

काम हातात आलं. नाशिकहून त्र्यंबककडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत एक टेकडी आहे, तिच्या पोटाला लागून चार खाणपट्टे. सगळे काळ्या पाषाणाचे, माल खडी क्रशरला जाणारा. पट्टे एकेकटे लहान आहेत, पण एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आत असल्यामुळे नियमाप्रमाणे त्यांचा एक समूह धरला जातो. समूहाचं क्षेत्र पाच हेक्टरच्या पुढे गेल्यामुळे पूर्ण पर्यावरण आघात मूल्यांकन आणि जनसुनावणी लागू झाली. त्यातलं वन्यजीवांचं प्रकरण माझ्याकडे. मुख्य अहवाल एक सल्लागार संस्था करते आहे. तिचं नाव लिहिणार नाही आणि गावाचंही नाही. गावाचं न लिहिण्याचं कारण २७ तारखेच्या नोंदीत येईल.

असं काम पहिल्यांदा घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही वही उघडी ठेवते आहे.

संस्थेकडून 'नमुना' म्हणून जुन्या अहवालाची फाइल आली. सोबत निरोप : "ताई, यादी तयारच आहे, फक्त जिल्हा बदला." त्या यादीत समुद्रकिनाऱ्यावरचे दोन पक्षी होते. शिवाय साध्या पक्ष्यांसमोर 'अनुसूची ४' लिहिलेलं. वन्यजीव कायद्यात २०२२ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे आणि सहाच्या चार अनुसूची (कायद्यातल्या प्रजातींच्या याद्या) झाल्या आहेत. आताची अनुसूची ४ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या प्रजातींची आहे. जुना तक्ता चिकटवला की छाननीच्या टेबलावर पहिल्या पानालाच उघडे पडतो. यादी कोरी केली.

१६ जानेवारी

आजचा दिवस नकाशे आणि कागदांत गेला. हे आधी उरकून घ्या, नाहीतर शेवटी सगळं उलटून करावं लागतं.

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेलं आहे. नांदूर मधमेश्वर अभयारण्य जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, निफाडकडे, म्हणजे तो प्रश्न इथे नाही. पण अभ्यासक्षेत्र दहा किलोमीटरचं, आणि त्या वर्तुळात अंजनेरी येतं. अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, अभयारण्याचा नाही. एक किलोमीटरचा नियम त्याला आपोआप लागत नाही म्हणून संस्थेने तो रकाना 'निरंक' ठेवला होता. निरंक कसा? तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्याने सर्वांत जास्त संरक्षण दिलेला प्राणी अभ्यासक्षेत्रात असेल तर खर्चासकट संवर्धन आराखडा द्यावा लागतो. तो रकाना भरला.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना अजून मसुद्यातच आहे. जुलै २०२४ला सहाव्यांदा मसुदा निघाला. आपलं गाव यादीत आहे का, शेजारचं आहे का, हे गावाच्या नावाने तपासा, तालुक्यावर जाऊ नका. आमचं गाव यादीत नाही. टेकडीच्या पलीकडच्या उतारावरचं गाव मात्र आहे.

२१ जानेवारी

खाणीवर पहिली फेरी. फोरमन अनुभवी माणूस, पन्नाशीचा, बोलायला मोकळा. "ताई, इथं काय सापडणार तुम्हाला? दगड न् धूळ." चहा दिला, हेल्मेट दिलं.

दोन पट्ट्यांत काम चालू आहे, एक बंद पडून बरीच वर्षं झाली, चौथ्यात विस्तार व्हायचा आहे. रोजचं ड्रिलिंग ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने आणि हातातल्या जॅकहॅमरने. दीड मीटरच्या आसपास होल मारायचे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत भोंगा, लाल बावटा आणि सुरुंग. विस्ताराच्या जागेवर कठीण पाषाण किती खोल आहे हे बघायला मोठं मशीन आणून चाचणीची भोकं मारून झाली आहेत.

ती भोकं बघायला वर पठारावर गेलो. भोक वितीएवढंही नाही, वर दगड ठेवला की दिसत नाही. पण मशीन वर चढवायला जेसीबीने जो रस्ता काढला आहे तो पठाराच्या गवतातून सरळ आरपार गेला आहे. मुरूम उघडा पडला, कडेला बांधासारखे ढीग. आत्ताच त्यावर मोटरसायकलची चाकं आणि कुत्र्यांचे ठसे. अहवालाच्या तक्त्यात 'ड्रिलिंगचा परिणाम' या मथळ्याखाली आवाज, धूळ, कंप एवढंच छापलेलं असतं. रस्त्याचा रकाना नसतो. मी घातला. रस्ता कोणाच्या परवानगीने काढला, असं फोरमनला विचारलं, तर तो हसून क्रशरकडे बघायला लागला.

संध्याकाळी बंद खाणीचा उभा कडा दुर्बिणीतून चाळला. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात पांढरे ओघळ. अशा ओघळांवरून घरटं ओळखतात, कारण शिकारी पक्षी एकाच जागी बसून विष्ठा टाकतात. सोबतचा मुलगा एकदम खूश झाला. जवळून मोठ्या दुर्बिणीने बघितल्यावर त्यातले बरेचसे दगडातलेच निघाले. नाशिकच्या पाषाणात पांढऱ्या स्फटिकांच्या शिरा असतात. इथल्या खाणींतले झिओलाइट नावाचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेले आहेत. शीर असेल तर ती कशीही आडवी-तिरकी जाते आणि कडेला चकाकते. विष्ठेचा ओघळ एखाद्या कपारीच्या ओठापासून सुरू होतो आणि सरळ खाली येतो. असे खरे ओघळ दोनच निघाले, दोन्ही एकाच कपारीखाली.

कपार कुठे आहे ते नीट बघा. दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये लालसर मातकट पट्टा असतो, वीटकरी रंगाचा. वरचा-खालचा पाषाण टणक, मधला पट्टा मऊ. पावसाने तो आत झिजत जातो आणि वर छत, खाली ओटा अशी जागा तयार होते. कडा मोठा असेल तर वेळ वाचवायला आधी हा लाल पट्टा शोधा आणि दुर्बीण त्याच्याच रेषेत फिरवा.

२७ जानेवारी

सूर्यास्ताआधी समोरच्या ढिगाऱ्याआड बसलो. क्रशर बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खोल, दोन सुरांचा घुमारा आला. मग कपारीच्या उजव्या टोकाला कान उभे केलेली आकृती. शृंगी घुबड. नर बाहेर, मादी आत ओट्यावर बसलेली. हा पक्षी काड्याकुड्यांचं घरटं बांधत नाही, मातीतच खळगा करून अंडी घालतो, म्हणून खालून घरटं असं काही दिसत नाही.

दगड न् धूळ म्हणतात ती हीच जागा. उलट, बंद खाणी या घुबडाला आवडतात : उभा कडा, समोर उघडं माळरान, उंदीर-घुशी भरपूर. जागतिक यादीत ते संकटग्रस्त नाही, पण कडा पाडायची तारीख ठरलेली असेल तर त्या जोडीसाठी यादीतला दर्जा काय कामाचा? विस्ताराच्या नकाशात नेमका हाच कडा 'पहिला टप्पा' म्हणून रंगवलेला आहे.

जागेचं नाव न लिहिण्याचं कारण हे. घुबडाची पिल्लं जादूटोण्यासाठी पकडली जातात, दिवाळीच्या आसपास तर भाव चढतो. अहवालातही जागा अक्षांश-रेखांशासकट छापू नका. अहवाल जनसुनावणीला सगळ्यांसमोर येतो. अचूक जागा वेगळ्या बंद पाकिटात वनविभागाला द्यायची आणि अहवालात 'समूहाच्या आतील कडा' एवढंच.

फोरमनला सांगावं की नाही यावर आमचा वाद झाला. शेवटी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "ताई, घुबड म्हणजे वाईट. पोरं कामावर यायची नाहीत." मी म्हटलं, दादा, गोदामात घुशी किती आहेत ते आधी सांगा. त्यावर मात्र तो विचारात पडला.

४ फेब्रुवारी

आवाजाची मोजणी. मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका. मोठ्या आवाजाला फोनचा माइक दबतो आणि आकडा कमी दाखवतो. प्रमाणित मीटर भाड्याने घेतला, दिवसाचे दीड हजार अधिक अनामत. पहिला दिवस वाऱ्याने खाल्ला. माइकवर स्पंजची टोपी नव्हती, नुसता खरखराट नोंदला गेला. दुसऱ्या दिवसाचं भाडं पदरचं.

जॅकहॅमरशेजारी आकडा शंभरच्या वर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण सहा डेसिबल उतरतात, असा हिशेब संस्थेने कागदावर मांडला होता. पण खाण म्हणजे तिन्ही बाजूंनी भिंती असलेलं आवार. कड्यासमोर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा आकडा त्यांच्या हिशेबापेक्षा चांगलाच वर निघाला, कारण समोरच्या भिंतीवरून आवाज परत येतो. कपारीच्या उंचीवर माइक नेता येईना म्हणून समोरच्या बेंचवर, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीवर, तेवढंच अंतर धरून मोजलं. ही पळवाट आहे आणि अहवालात तसं लिहिलं आहे.

आणखी एक. ५५ आणि ४५ डेसिबलच्या मर्यादा माणसांच्या वस्तीसाठी आहेत आणि मीटरची मोजायची पद्धतही माणसाच्या कानाला बेतलेली. सुरुंगाच्या कंपाच्या मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परिपत्रकात आहेत. साध्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, पुढे वारंवारता वाढेल तशी मर्यादा वाढते. या मर्यादा घराच्या भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून. 'सर्व मूल्ये मर्यादेत, सबब वन्यजीवांवर परिणाम नाही' हे वाक्य नमुना अहवालात चार ठिकाणी होतं. घर पडत नाही म्हणून घुबडाला त्रास नाही, हा कुठला न्याय! चारही ठिकाणांहून काढलं.

घुबडाच्या बाबतीत खरे धोके दोन. एक, कपारीच्या छताचा सैल दगड कंपाने ओट्यावर पडणं. दोन, संधिप्रकाशात कॉम्प्रेसर चालू राहणं. घुबड गवतातली खसखस ऐकून शिकार करतं. त्या वेळी आवाज असेल तर मोठं घुबड किंवा पिल्लू, दोघांतलं एक उपाशी राहतं आणि ते बहुतेक पिल्लूच असतं.

१३ फेब्रुवारी

दुर्बिणीतून मादीच्या पंखाखाली पांढरट कापसासारखं काहीतरी हललं. किमान दोन पिल्लं. मादी दिवसभर जागची हलत नाही. सुरुंगाच्या भोंग्याला मान वळते, धमाक्याला अंग आक्रसतं, पण ती बसूनच. एकदा मात्र पोकलेन कड्याच्या पायथ्याशी ढीग उचलायला आला तेव्हा उडाली, आणि चार कावळे तिच्या मागे लागले. ती परत येईपर्यंत ओटा उन्हात उघडा. आवाजापेक्षा माणूस आणि मशीन जवळ येणं वाईट, हे इथे स्पष्ट दिसलं. असं प्रत्यक्ष बघितलेलं एक वाक्य अहवालात दहा पानांच्या तक्त्यांपेक्षा जास्त वजनाचं ठरतं.

१८ फेब्रुवारी

मालक, फोरमन आणि आम्ही बसलो. मसुद्यात आधी संस्थेच्या भाषेत अट होती : 'वन्यजीवांस बाधा पोहोचणार नाही अशा प्रकारे योग्य त्या उपाययोजना करण्यात याव्यात.' फोरमनला वाचून दाखवली. "म्हणजे मी उद्या सकाळी काय करू?" त्याचा प्रश्न रास्त होता. तिथेच बसून, त्याच्याच शब्दांत लिहिलं :

बंद खाणीच्या कड्यापासून दोनशे मीटरच्या आत जानेवारी ते एप्रिल होल मारायचं नाही, पोकलेन न्यायचा नाही. सूर्यास्ताच्या एक तास आधी कॉम्प्रेसर बंद. कड्याकडे तोंड करून दिवा लावायचा नाही. सुरुंग दुपारीच, आणि एका वेळी उडवायच्या होलांची संख्या आहे त्याहून वाढवायची नाही.

दोनशे मीटर कुठून आणले, असं मालकांनी विचारलं. रास्त प्रश्न. पोकलेन किती जवळ आल्यावर मादी अस्वस्थ होते ते बघितलं होतं, त्यावर मोकळीक ठेवून हा आकडा धरला. इथला, या कड्याचा आहे. दुसरीकडे जसाच्या तसा उचलू नका.

खर्च काय? यंदा काम पलीकडच्या बेंचवर हलवायचं तर हायवाचा फेरा लांबतो आणि डिझेल वाढतं. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण चार महिन्यांपुरतं मान्य केलं. अडलं ते भलत्याच ठिकाणी. मार्चपासून ऊन वाढलं की ड्रिलवाले दुपारी काम करत नाहीत, संध्याकाळी पाच ते आठ करतात. कातळावर दुपारी जॅकहॅमर धरणं म्हणजे काय ते मी पाच मिनिटं धरून बघितलं आहे, त्यामुळे त्यांना 'दुपारीच करा' म्हणायची माझी हिंमत नव्हती. तोडगा फोरमननेच काढला : उजाडल्यापासून दहापर्यंत. पहाटेही घुबड बाहेर असतं हे मला माहीत होतं, पण संध्याकाळ वाचली हे जास्त मोलाचं.

२६ फेब्रुवारी

अंजनेरी. गिधाडांसाठी. डिसेंबर-जानेवारीत अंडं, तेही एकच. त्यामुळे या दिवसांत घरट्यात पिल्लू असण्याची वेळ. लांबूनच, मोठी दुर्बीण लावून बघायचं. कड्याच्या माथ्यावर उभं राहून खाली डोकावणारे हौशी फोटोवाले मशीनपेक्षा जास्त त्रास देतात.

गिधाडं घिरट्या घालताना आमच्या खाणीवरूनही जातात, हे दोनदा नोंदलं. आता खाणीच्या ड्रिलिंगने त्यांच्या घरट्यावर परिणाम होतो का? माझं मत : इतक्या अंतरावर, मध्ये डोंगराची सोंड असताना, नाही. हे लिहिलं म्हणून आमच्यातलेच एक-दोघे नाराज झाले. पण जिथे परिणाम नाही तिथे ओढूनताणून दाखवला की जिथे आहे तिथलाही कुणी मानत नाही.

क्रशरसाठी नवी उच्चदाबाची वीजवाहिनी पठारावरून यायची आहे. गिधाडासारख्या रुंद पंखांच्या पक्ष्याला दोन तारांमधलं कमी अंतर जीवघेणं असतं. वाहिनी पठाराऐवजी रस्त्याच्या कडेने आणा आणि खांबांवरच्या तारांना आवरण घाला, अशी अट टाकली. संवर्धन आराखड्यात संस्थेने गिधाडांसाठी 'पक्ष्यांची पाणपोई' धरली होती! ते पैसे पंचक्रोशीतल्या गुरांच्या औषधांकडे वळवायला सांगितले. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त लांब चोचीची गिधाडं गेली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, मेलेल्या गुरांच्या मांसातून. ते जनावरांसाठी २००६ला बंद झालं, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३ला. बंदी कागदावर असून भागत नाही; गोठ्यात कुठली बाटली आहे ते जाऊन बघणारा माणूस लागतो, आणि मेलॉक्सिकॅम हा पर्याय हाताशी असावा लागतो.

९ मार्च ते ५ एप्रिल

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर प्राणी आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. नवा घ्यायचा तर दहा-पंधरा हजारांच्या घरात. आम्ही निम्मे मागून आणले. गट मालकांच्या लेखी संमतीने फक्त खासगी जमिनीत लावले. वनजमिनीवर लावायला वनविभागाची परवानगी लागते, त्या अर्जाला अजून उत्तर नाही.

पहिल्या आठवड्यात कार्ड भरून वाहिलं ते शेळ्यांनी. नंतरच्या आठवड्यात हजारो रिकामे फोटो. या कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. तापलेल्या कातळासमोर वाळलेलं गवत हललं तरी उडतो. आणि हवा अंगाच्या तापमानाला पोहोचली की उलट समोरचा प्राणी त्याला दिसतच नाही. समोरचं गवत कापलं, तोंडं उत्तरेकडे केली, उंची गुडघ्याइतकी ठेवली, दुपारी अकरा ते चार बंद. रिकामे फोटो एकदम कमी झाले. एक कॅमेरा चोरीला गेला. गुराखी आजोबांनी दोन दिवसांत गावातून परत आणून दिला, कार्डाशिवाय. विचारलं नाही. पुढचे कॅमेरे लावताना आधी त्यांना दाखवले आणि 'यावर लक्ष ठेवा बाबा' म्हणून रोजंदारी ठरवली. चोरीपासून वाचवणारी साखळी-कुलपं यापेक्षा महाग पडतात.

मुंगूस, ससा, साळिंदर, रानमांजर, उदमांजर. तरस एकदाच, मागची बाजू. बिबट्या मात्र वारंवार, आणि सगळे फोटो एकाच कॅमेऱ्यात : बंद खाणीच्या तळातल्या डबक्यावर.

१९ एप्रिल

ते डबकं म्हणजे या बाजूचं उन्हाळ्यातलं बहुधा एकमेव उघडं पाणी. ओढा फेब्रुवारीतच आटला. विस्तार आराखड्यात पहिल्या आठवड्याचं काम असं लिहिलंय : 'साठलेले पाणी उपसणे.' म्हणजे मे महिन्यात पाणी काढायचं आणि मग तहानलेला बिबट्या वस्तीतल्या हौदावर आला की पिंजरा मागायचा.

उपसा पाऊस सुरू झाल्यावर करा, आणि करण्याआधी पलीकडच्या उतारावर दुसरं पाणी तयार ठेवा, अशी अट लिहिली. मालकांना ही लगेच पटली. पाण्याचं इथे कुणाला समजावावं लागत नाही.

घुबडाची पिल्लं मार्चअखेर ओट्यावरून उतरली. आता घळीत आवाज येतो. उडता आलं तरी ती पुढे काही महिने आईबापांवरच अवलंबून असतात, त्यामुळे एप्रिलअखेर अट संपली म्हणून लगेच कडा फोडा, असा अर्थ होऊ नये. तसं वाक्य जोडलं.

८ मे

संस्थेचा फोन. "मॅडम, तीन महिन्यांचा डेटा झाला, आता बंद करू." नियमाने पायाभूत माहिती एका ऋतूची चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. हवेच्या आणि धुळीच्या मोजणीला ते योग्य आहे, पावसात धूळ बसते. पण तोच नियम झाडोऱ्याला लावला की घोटाळा होतो.

आज पठारावर जा : जळलेलं गवत, तापलेला कातळ, मुरूम. 'वनस्पती : तुरळक, सामान्य' असं कुणीही लिहील. अंजनेरीच्या नावाची सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पाची अतिसंकटग्रस्त जात, अशाच पठारावर असते. आठ-नऊ महिने फक्त कंद, जमिनीखाली. वर पान येतं ते पावसात, आणि ओळख पटते ती फूल आल्यावरच. पावसाळा सोडून बघा म्हणणं म्हणजे ती नसेल तेव्हाच बघा म्हणणं.

आणि विस्ताराचं वेळापत्रक काय? पठारावरची माती-मुरूम मे अखेर खरवडायची, पावसाआधी. वीतभर मातीत जे काय असेल ते ढिगाऱ्यात जाणार, आणि ऑगस्टमध्ये बघायला गेलं तर खरोखरच काही नसणार. कुणी मुद्दाम रचलेलं नाही हे. दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून कुणी पाहिलीच नाहीत, एवढंच. एसी ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच होतं.

संस्था म्हणाली, पावसाळी फेरीचे पैसे नाहीत. मालकांकडे थेट गेले. खरवडण्याचं काम ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकला, मी पावसाळी पाहणी पेट्रोलच्या खर्चात करते. परवानगी हातात यायला तेवढा वेळ लागणारच होता, त्यामुळे त्यांचं काही जात नव्हतं. हो म्हणाले. लेखी घेतलं.

२७ जुलै

पाऊस आणि धुकं. पठारावर गुडघाभर गवत, दोन मीटरपलीकडचं दिसत नाही. काही हाती लागलं नाही. जळवा नाहीत हे नशीब.

१७ ऑगस्ट

उघडीप मिळाली. दोरी टाकून पट्टे पाडले आणि रांगेने चाललो, गुराखी आजोबा पुढे. त्यांना कंदील ठाऊक आहेत, लहानपणी गुरं राखताना कंद उकरून खाल्लेले. "आता पोरं खात नाहीत, कुरकुरे खातात." आमच्या डोळ्यांनी तीन वेळा ओलांडलेली वेल त्यांनी काठीने दाखवली. गवताच्या काडीइतकी बारीक, तिला बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं फूल, खाली फुगीर, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून पिंजरा झालेला. आत एक चिलट अडकलेलं, बाहेर पडायची धडपड चाललेली. आतले केस सुकेपर्यंत त्याची सुटका नसते.

फूल तोडलं नाही. सगळ्या बाजूंनी फोटो, पानाचं माप, आणि फोटो वनस्पतीशास्त्राच्या जाणकार बाईंकडे.

२९ ऑगस्ट

उत्तर आलं. अंजनेरीची नव्हे, दुसरी, त्या मानाने सर्वत्र आढळणारी जात. सोबतच्या मुलाचा विरस झाला. संस्थेला आनंद : "म्हणजे काही नाहीच ना!" दोघांनाही एकच सांगितलं : अतिसंकटग्रस्त जात विस्ताराच्या जागेत या पावसाळ्यात दिसली नाही, असं आता मी सहीनिशी लिहू शकते. मे महिन्यात लिहू शकत नव्हते.

वेली आहेत त्या पट्टीचा नकाशा केला. जेसीबीचा जुना रस्ता नेमका तिच्यातून गेलेला, आणि रस्त्यावर एकही वेल नाही, दोन्ही कडांना आहेत.

२३ सप्टेंबर

प्रकरण दिलं. काय टिकलं, काय गळालं : कड्याची चार महिन्यांची अट, कॉम्प्रेसरची वेळ आणि पाण्याची अट जशीच्या तशी राहिली. वीजवाहिनीची अट 'शक्य असल्यास' हे दोन शब्द घालून बोथट केली आहे. जनसुनावणीत ते उचलणार, गावातल्या दोघांना तसं सांगून ठेवलं आहे. पठारावरचा रस्ता बंद करून त्यावर मुरुमाऐवजी मूळची माती परत टाकायची, हे पूर्ण गाळलं. त्यासाठी वेगळं पत्र वनपरिक्षेत्र कार्यालयाला दिलं, पोच घेतली. घुबडाच्या जागेचं पाकीटही तिथेच.

विस्ताराचा पहिला टप्पा आता पूर्वेच्या बेंचवरून सुरू होईल, कडा शेवटच्या टप्प्यात. म्हणजे वाचला असं नाही, काही वर्षं मिळाली.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी : मीटरचं भाडं, पेट्रोल, आजोबांची रोजंदारी, कार्डं, बॅटऱ्या मिळून मानधनाच्या निम्म्याला टेकलं. कामाचा दर सांगताना पावसाळी फेरी आधीच धरा आणि करारात लिहून घ्या. मोठी दुर्बीण स्वतःची असावी, ती मागून मिळत नाही.

फोरमनचा काल फोन होता. गोदामातल्या घुशी कमी झाल्यात म्हणे. डिसेंबरमध्ये परत या, कपारीत कोण बसलंय ते बघायचं आहे, आणि येताना 'ती मोठी दुर्बीण' घेऊन या.